झाकण्याआधी तोला: जुन्या धाटणीचं छोटं आरसी विमान बांधताना

नवशिक्याचं बाल्साचं, म्हणजे फार हलक्या लाकडाचं, आरसी (रेडिओ-नियंत्रित) विमान पडलं की दोष वाऱ्याला दिला जातो. बहुतेक वेळा कारणं दोनच असतात: पंखातला पीळ आणि शेपटीतलं वजन. सांगाड्यावर रंगीत फिल्म चढली की दोन्ही दिसेनाशी होतात, आणि मग दुरुस्तीही महागात पडते. गंमत अशी की सुटे भाग बहुतेक जण नीट बनवतात. त्यांची चूक क्रमात होते. फिल्म आधी, सर्वो (शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) नंतर, तोल सगळ्यांत शेवटी. हा लेख तो क्रम उलटा करण्यासाठी आहे.

नमुना म्हणून पुढचं विमान धरलं आहे: वर बसवलेला, रबरबँडनं बांधलेला पंख, चौकोनी केबिन, गोलसर टोकं. पंखाचा विस्तार १ मीटर, रुंदी १८ सेंटिमीटर, खालची बाजू सपाट. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत; रडर (उभ्या शेपटीची हलती पट्टी), एलिव्हेटर (आडव्या शेपटीची) आणि मोटर, एवढंच. तयार वजन ४५० ग्रॅमच्या आसपास. पंखाचं क्षेत्रफळ साधारण १८०० चौरस सेंटिमीटर येतं, म्हणजे दर १०० चौरस सेंटिमीटरला २५ ग्रॅम. एवढ्या भारावर विमान संथ उडतं आणि विचार करायला वेळ देतं. ५५० ग्रॅमच्या वर गेलात तर दिसायला ते जुनं दिसेल, पण उडेल घाईघाईनं.

## ० : कापायच्या आधीची तयारी

नकाशा. जुने फ्री-फ्लाइटचे, म्हणजे रेडिओशिवाय आपोआप उडणाऱ्या विमानांचे, नकाशे सुंदर असतात, पण त्यात एक सापळा आहे. त्यातल्या अनेक विमानांची शेपूटही पंखासारखी वरून फुगीर, म्हणजे उचल देणारी असते. म्हणून त्यांचा गुरुत्वमध्य पंखाच्या निम्म्या रुंदीवर किंवा त्याच्याही मागे दाखवलेला असतो. तुम्ही त्याच नकाशावर सपाट शेपूट लावली आणि गुरुत्वमध्य मात्र नकाशातला ठेवला, तर विमान पहिल्याच गिरकीत नाक वर करून कोसळेल. सपाट शेपटीला गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ३० टक्क्यांवर, म्हणजे आपल्या १८ सेंटिमीटरच्या पंखात ५४ मिलिमीटरवर. हा आकडा नकाशावर लाल पेनानं मोठा लिहून ठेवा.

प्रिंट आर्किटेक्टची ड्रॉइंग छापणाऱ्या दुकानातून, प्लॉटरवर काढून घ्या. चार-चार झेरॉक्स चिकटवून केलेला नकाशा कुठेतरी दोन मिलिमीटरनं फसवतोच. आडवी आणि उभी अशी ३०० मिलिमीटरची रेघ स्टीलच्या पट्टीनं मोजा. दोन्ही बरोबर आल्या तरच पुढे जा.

पाट. सुताराकडे फ्लश डोअरचा तुकडा मिळतो. १२० बाय ३० सेंटिमीटर पुरतो. त्यावर नोटीस बोर्डाचा सॉफ्टबोर्ड लावा, टाचण्या सहज घुसतात. वर नकाशा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक. काही जण सॉफ्टबोर्डाऐवजी थर्माकोल वापरतात. चालतं, पण पातळ सुपरग्लूचा एक थेंब प्लास्टिकच्या भोकातून खाली गेला की थर्माकोल विरघळून खड्डा पडतो, आणि नेमका त्या जागचा रिब (पंखाची फासळी) खाली बसतो.

पाट सपाट आहे का, हे अ‍ॅल्युमिनियमचा चॅनेल उभा धरून, मागे दिवा लावून पाहा. उजेड कुठून झिरपतो ते कळतं. पाट वाकडा असेल तर पंख वाकडाच होणार, तिथे कौशल्य उपयोगाचं नाही.

हत्यारं. कटर आणि भरपूर ब्लेड, लहान गुण्या, स्टीलची पट्टी, टाचण्या, कपड्यांचे चिमटे, सपाट लाकडावर चिकटवलेला पॉलिश पेपर (१८० आणि ३२०), आणि वजनकाटा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा चालेल. सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. काट्याशिवाय सुरुवात करू नका.

लाकूड. बाल्सा बहुतेक कुरिअरनंच मागवावा लागतो. मागवताना दोन एमडीएफच्या फळ्यांमध्ये बांधून पाठवायला सांगा. आला की प्रत्येक शीट तोला. ३ मिलिमीटर जाड, १०० मिलिमीटर रुंद आणि ९१५ मिलिमीटर लांब शीट साधारण असं भरतं:

- २७ ते ३३ ग्रॅम: शेपटीसाठी राखून ठेवा, दुसरीकडे वापरू नका.
- ४० ते ४५ ग्रॅम: धडाच्या लांब काड्या, पंखाचे स्पार (लांबीभर जाणारे कणे).
- ५५ ग्रॅमच्या वर: पाट, साचे, चाकांचे ठोकळे. विमानात नको.

वजन पेन्सिलीनं शीटवरच लिहा. पावसाळ्यात आलेलं लाकूड आठवडाभर खोलीत आडवं ठेवा आणि मग कापा.

गोंद. सांगाड्याला फेविकॉलसारखा पांढरा गोंद, पातळ लावून रात्रभर टाचलेला. सुपरग्लू झटपट आहे, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात भाग जागेवर सरकवायला क्षणही देत नाही; बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. मोटरची भिंत, चाकांची तार आणि पंखाचा मधला जोड यांना दोन भागांचा एपॉक्सीच.

> वजनाचं बजेट (ग्रॅममध्ये): पंख ११०, धड ९०, शेपूट १५, चाकं आणि तार ३५, झाकण ३०, मोटर-पंखा (प्रोपेलर) ६५, ईएससी (मोटरचा वेग-नियंत्रक) २०, बॅटरी ६०, दोन सर्वो १८, रिसीव्हर १०. बेरीज ४५३. हे भिंतीवर चिकटवा आणि प्रत्येक भाग झाला की शेजारी खरा आकडा लिहा.

## १ : शेपूट

सुरुवात शेपटीपासून, कारण ती सपाट आहे, लवकर होते आणि हात बसतो. अख्ख्या शीटमधून कापू नका. ५ मिलिमीटरच्या काड्यांची चौकट करा, आत तिरप्या काड्या. आडवी आणि उभी शेपूट मिळून, न झाकता, १५ ग्रॅमच्या आत.

इतका हट्ट कशासाठी? गुरुत्वमध्यापासून मोटर साधारण १५ सेंटिमीटर पुढे असते आणि शेपूट ४५ ते ५० सेंटिमीटर मागे. शेपटीत १ ग्रॅम वाढला की नाकात ३ ग्रॅम शिसं घालावं लागतं. शेपूट १० ग्रॅमनं जड झाली तर विमान ४० ग्रॅमनं जड झालं. हा हिशोब मनात पक्का असेल तर मागच्या बाजूला गोंदाचा फासही जपून माराल.

एलिव्हेटरचे दोन भाग २ मिलिमीटरच्या तारेनं जोडा; ते एका रेषेत आहेत का ते पाटावर ठेवून, डोळा कडेशी लावून पाहा. बिजागऱ्यांच्या चिरा आत्ताच पाडा, बिजागऱ्या मात्र झाकल्यानंतर बसवायच्या.

## २ : पंख, जिथे विमान बिघडतं

इथे वेळ घाला. बाकी सगळं निभावून जातं, पंख निभावून जात नाही.

रिब. २ मिलिमीटर शीटमधून, प्लायच्या साच्यावर कापा. नंतर सगळे एकत्र गड्डी करून, दोन खिळे आरपार घालून, पॉलिश पेपरनं एकसारखे करा. स्पारच्या खाचा गड्डीतच, कानशीनं. एकेक रिब घासत बसलात तर प्रत्येकाचा आकार वेगळा होईल आणि झाकल्यावर पंखावर लाटा दिसतील. दोन रिबांत ६ सेंटिमीटर अंतर.

क्रम. खालचा स्पार पाटावर टाचा. मग मागची कड, मग रिब गुण्या लावून उभे, मग वरचा स्पार, शेवटी पुढची कड. गोंद वाळला तरी पंख उचलू नका. अजून दोन कामं बाकी आहेत, आणि ती टाचलेल्या अवस्थेतच करायची.

पहिलं काम वॉशआउटचं. पंखाच्या टोकाकडच्या शेवटच्या तीन खणांत मागच्या कडेखाली ३ मिलिमीटरची पट्टी सरकवा, म्हणजे टोकाला मागची कड किंचित वर राहते. यामुळे वेग कमी झाला तरी पंखाचं टोक आधी दगा देत नाही. दोन्ही पंखांना अगदी सारखी पट्टी.

दुसरं काम जाळीचं. वरच्या आणि खालच्या स्पारच्या मध्ये १.५ मिलिमीटरचे बाल्साचे तुकडे, तंतू उभे ठेवून, चिकटवायचे. हे तुकडे बसले की पंखाचा पीळ कायमचा ठरतो. म्हणून पट्टी आधी, जाळी नंतर. लोक पंख उचलतात, हातात धरून जाळी भरतात आणि हाताच्या दाबानं आलेला पीळ आत कोंडला जातो. नंतर इस्त्रीनं काढता येतो, पण थोडाच.

उंचावा. एलेरॉन नसल्यानं विमान वळतं ते रडर आणि पंखांच्या उंचाव्यामुळे, म्हणजे टोकं मध्यापेक्षा वर असल्यामुळे. इथे कंजूषी केली तर रडर दिल्यावर विमान नुसतं तिरकं घसरतं. एक पंख पाटावर सपाट टाचा, दुसऱ्याचं टोक ९५ मिलिमीटर उंच ठोकळ्यावर. दोन्हीकडचे आतले रिब थोडे कलते हवेत. कार्डाचा साचा करून घ्या. मधला जोड २ मिलिमीटर प्लायच्या पट्टीनं, एपॉक्सीनं. एपॉक्सी पाच मिनिटांचा नको, संथ वाळणारा घ्या.

> तपासणी: पंख टेबलावर मधोमध ठेवा, तीन मीटर मागे जा, खाली बसा. दोन्ही टोकांची मागची कड सारखी वर दिसते का? मग मधल्या रेषेवर पुढून-मागून एकेका बोटानं उचला. एक बाजू खाली जात असेल तर हलक्या टोकात टाचणीचा तुकडा खोचा. खरा आकडा लिहा; बजेट ११० ग्रॅम.

## ३ : धड

दोन्ही बाजू एकावर एक, मध्ये प्लास्टिक ठेवून, एकदमच बांधा. लांब काड्या एकाच शीटमधून, शेजारशेजारच्या कापा आणि बोटांनी वाकवून पाहा. एक बाजू ताठ आणि दुसरी मऊ असेल, तर शेपटीकडची टोकं एकत्र आणताना धड एका बाजूला वाकतं आणि रावेरच्या केळीसारखं होतं. तसं झालेलं धड घेऊन विमान सरळ उडवायची अपेक्षा ठेवू नका.

आधी केबिनचे दोन खण जोडा. हे चौकोनी असतात, गुण्या लावून एपॉक्सीनं. ते वाळल्यावरच शेपटीची टोकं ओढा. नकाशाची मधली रेघ पाटावर दिसली पाहिजे. प्रत्येक आडवी काडी लावताना तिच्या दोन्हीकडे अंतर मोजा.

पंखाची बैठक शेपटीच्या बैठकीपेक्षा पुढून कलती हवी. १८ सेंटिमीटरच्या रुंदीत पुढची कड ६ मिलिमीटर उंच म्हणजे साधारण २ अंश. अडीच चालेल. चार नको, मोटर वाढवली की विमान आकाशाकडे तोंड करून उभं राहील.

मोटरची भिंत ३ मिलिमीटर प्लायची. ती २ अंश उजवीकडे आणि ३ अंश खाली वळलेली असावी. ४० मिलिमीटरच्या भिंतीत हे अनुक्रमे दीड आणि दोन मिलिमीटर भरतं. उजवं-डावं पायलटच्या नजरेनं, मागून पुढे बघत. मोटर उजवीकडे कलली की पंख्याचा मध्यही उजवीकडे सरकतो, म्हणून मोटरचे स्क्रू मध्यरेषेच्या थोडे डावीकडे घ्या.

बॅटरीची जागा शक्य तितकी लांब ठेवा, निदान चार सेंटिमीटर पुढेमागे सरकता यावी अशी. हे आता केलंत तर पुढे शिसं लागत नाही. बॅटरीचं झाकण खाली नको. आपल्याकडे विमान पोटावर उतरतं ते धसकटांवर.

चाकांची तार २ मिलिमीटरची पियानो वायर, प्लायला दोऱ्यानं शिवून वर एपॉक्सी. चाकं ६० मिलिमीटरची. काळ्या मातीच्या ढेकळांत आणि उन्हाळ्यातल्या भेगांत लहान चाकं अडकतात आणि विमान नाकावर उलटतं.

मोटरचे स्क्रू, वायरिंगचा मार्ग, स्विचची जागा, सगळं आता. झाकल्यानंतर धडात हात घालायची वेळ येऊ नये.

## ४ : उघड्या सांगाड्याचा तोल

लोक गाळतात तो हाच टप्पा, आणि सगळा लेख याच्यासाठी आहे.

मोटर (२२१२ आकाराची १००० केव्ही, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे, सहज मिळते), ईएससी, दोन सेलची १००० एमएएच बॅटरी, रिसीव्हर, दोन्ही सर्वो, चाकं, पुशरॉड (सर्वो शेपटीला जोडणाऱ्या काड्या): सगळं तात्पुरतं बसवा. सर्वो चिकटवू नका, टेपनं धरा. पंख रबरबँडनं बांधा. शेपूट टाचण्यांनी. आता पंखाच्या खाली, पुढच्या कडेपासून ४९ ते ५० मिलिमीटरवर दोन बोटं लावून उचला.

५४ ऐवजी ५० का? फिल्म शेपटीवरही चढणार आहे आणि तोल काही मिलिमीटर मागे सरकणार आहे. ती जागा आत्ताच राखायची.

नाक वर गेलं, म्हणजे शेपूट जड. उपाय याच क्रमानं: बॅटरी पुढे, मग सर्वो पुढे, मग ईएससी मोटरच्या भिंतीपाशी, मग शेपटीतल्या जाड काड्या घासून हलक्या. शिसं शेवटी. जागा पक्क्या झाल्या की प्रत्येक वस्तूभोवती पेन्सिलीनं रेघ ओढा आणि मगच खोलून ठेवा.

त्याच वेळी मध्यरेषेची परीक्षा: शेपटीच्या मधल्या टाचणीला दोरा बांधून पंखाच्या एका टोकापर्यंत माप घ्या, मग दुसऱ्या टोकापर्यंत. दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत. मागून पाहताना आडवी शेपूट पंखाला समांतर हवी. नसेल तर बैठक घासा, खाली कागदाच्या घड्या घालू नका.

> सावध: टेबलावर मोटर फिरवून बघायची असेल तर पंखा काढून ठेवा. अपवाद नाही. आठ-नऊ इंची पंखा बोट कापतो, आणि घरात लहान मुलं असतात.

## ५ : घासणं

१८० नं कडा मिळवा, ३२० नं गुळगुळीत करा, नेहमी ठोकळ्यावर. बोटांनी घासलंत तर मऊ लाकूड खोल जातं आणि गोंदाची रेघ उंच राहते. फिल्म ते सगळं दाखवते. भुकटी मऊ ब्रशनं झाडा, मग किंचित ओलसर कपडा फिरवा. उन्हाळ्यात खिडकी बंद ठेवा. फुफाटा आत आला की फिल्मखाली खडे दिसतात.

## ६ : झाकणं

जुनी धाटणी इथे दिसते, म्हणून इथे मोह होतो. दोन मार्ग आहेत.

फिल्म. नेहमीची इस्त्रीची फिल्म साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रति चौरस मीटर. हलकी फिल्म त्याच्या निम्मी. आपल्या विमानाला सगळी मिळून ०.८ चौरस मीटर लागते. फरक पंचवीसेक ग्रॅमचा, त्यातला बराच मागच्या बाजूला. हलकीच घ्या, आणि पारदर्शक रंगाची. सकाळच्या उन्हात रिब दिसतात, जुन्या विमानाचं निम्मं रूप तिथेच येतं.

टिश्यू (पातळ कागद) आणि डोप (तो ताणणारं वार्निश). दिसायला खरा. पण कोरड्या उन्हाळ्यात डोप ताणतच राहतो आणि पातळ शेपटीचा बटाट्याचा चिप्स करतो. डोप अर्धा पातळ करा आणि त्यात काही थेंब एरंडेल घाला. ताण मवाळ होतो. पावसाळ्यात, किंवा खोलीत डेझर्ट कूलर चालू असताना डोप लावलात तर पांढरट डाग पडतात. कूलरच्या गारव्यात काम करायची आपल्याकडे सवय असते, त्या दिवशी ती मोडा. डोप पेट घेतो. खिडकी उघडी आणि गॅसच्या चुलीशी संबंध नको.

पहिल्या विमानाला फिल्म घ्या, असं माझं मत.

क्रम. धडाची खालची बाजू, मग दोन्ही कडा, मग वरची. पंखाला आधी खालून, मग वरून, म्हणजे जोड खाली लपतो. शेपटीला मागचे तुकडे आधी, पुढचे नंतर, म्हणजे वारा जोडाला उचलत नाही. आधी कडा चिकटवा, पृष्ठभाग नंतर ताणा. चिकटायला साधारण १०० ते ११० अंश, आकसायला १४० ते १५०. पण कंपनीगणिक फरक असतो, म्हणून बाल्साच्या तुकड्यावर आधी करून बघा. घरच्या इस्त्रीवर आकडे नसतात. तुकड्यावर जिथे चिकटते तिथे नॉबवर खूण करा.

ताणताना: पंख परत पाटावर, टोकाखाली तीच ३ मिलिमीटरची पट्टी, वर वजनं. वरची बाजू थोडी, खालची बाजू थोडी, आलटून पालटून. एक बाजू पूर्ण ताणून मग दुसरीकडे गेलात तर पंख पिळतो. शेपटीचंही तसंच, तिला दोन सपाट फळ्यांत थंड होऊ द्या.

> तपासणी: पुन्हा तीन मीटर मागे. टोकं सारखी नसतील तर उलटा पीळ हातानं धरून इस्त्री फिरवा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. सोडलात की पीळ परत येतो.

सजावट थोडक्यात: रंगीत पट्ट्या त्याच फिल्मच्या कापा. स्प्रे फिल्मवर धरत नाही आणि वजन वाढवतो. केबिनच्या खिडक्या पारदर्शक शीटच्या. अक्षरं लावायचीच तर भारतातल्या नागरी विमानांच्या नोंदणीची सुरुवात व्हीटीनं होते, ती लावा, पण पंखावर. शेपटीवर काही नको.

## ७ : बिजागऱ्या, पुशरॉड, रेडिओ

बिजागऱ्यांच्या चिरांवरची फिल्म ब्लेडनं सोलून मगच गोंद, नाहीतर त्या फिल्मला चिकटतात आणि उडताना निघतात. प्रत्येक पाकळी बसवल्यावर ओढून पाहा, जोरात.

पुशरॉड बांबूची पातळ काडी आणि टोकाला १ मिलिमीटरची तार, दोऱ्यानं गुंडाळून सुपरग्लू. प्लास्टिकची नळी सोपी असते, पण उन्हात लांबते आणि सकाळी सरळ उडालेलं विमान दहा वाजता नाक खाली घालतं.

हालचाल: एलिव्हेटर वर-खाली १० मिलिमीटर, रडर दोन्हीकडे २० ते २५. एक्स्पो (स्टिक मध्याजवळ मवाळ करणारी सेटिंग) ३० टक्के. रडर उजव्या स्टिकवर ठेवा, म्हणजे पुढे एलेरॉनच्या विमानावर हात तसाच चालतो. पंखा काढून, विमानाच्या मागे उभे राहून तपासा: स्टिक उजवीकडे, तर रडरची मागची कड उजवीकडे, स्टिक मागे, तर एलिव्हेटर वर. उलटं असेल तर ट्रान्समीटरमध्ये बदला, पुशरॉड वाकवू नका. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर) मोटर बंद. ट्रान्समीटरच्या कमी-ताकदीच्या मोडमध्ये तीस पावलं जाऊन सगळं हलतं का ते पाहा.

आता शेवटचा तोल, सगळं बसवून: ५४ मिलिमीटर. एक-दोन मिलिमीटर पुढे असेल तर असू द्या. मागे मात्र नको.

बॅटरी ८.४ व्होल्टपर्यंत, समोर बसून, फरशीवर चार्ज करा. रात्री लावून झोपू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद गाडीत ठेवलेली बॅटरी फुगते आणि फिल्मही सैल पडते.

## ८ : जागा आणि वेळ

४५० ग्रॅमचं विमान २०२१ च्या ड्रोन नियमांतल्या २५० ग्रॅम ते २ किलोच्या गटात बसतं. उडवायच्या जागी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा उघडा, हिरवा पट्टा आहे का बघा आणि नोंदणीबद्दलचा चालू नियमही वाचा. हिरव्या पट्ट्यातही उंचीची मर्यादा १२० मीटर. जळगाव विमानतळ, धुळ्याचं गोंदूर विमानतळ, भुसावळ आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, यांच्या आसपास तर विचारही नको.

जागा म्हणून ज्वारी किंवा हरभरा निघालेलं आणि नांगरलेलं वावर सर्वांत चांगलं, शेतमालकाला विचारून. ढेकळं मऊ पडतात. न नांगरलेल्या ज्वारीच्या वावरात धसकटं फिल्म फाडतात, आणि कपाशीच्या पऱ्हाट्या त्याहून वाईट. जवळ केळीची बाग असेल तर तिच्याकडे वळू नका. आत पडलेलं विमान शोधायला ड्रिपच्या नळ्या तुडवाव्या लागतात, आणि मालक रास्त चिडतो. उघडी विहीर आणि विजेच्या तारा आधी चालत जाऊन पाहा.

वेळ पहाटेची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य उगवल्यापासून साधारण दोन तास हवा शांत असते. साक्रीकडे पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत; पश्चिमेकडच्या मोकळ्या माळावर दुपारचं वारं या विमानाला झेपत नाही. उन्हाळ्यात तर नऊनंतर गरम हवेचे झोत सुरू होतात.

## ९ : तरंगती फेक, मग उड्डाण

मोटर बंद ठेवून फेक. वाऱ्याकडे तोंड, पंख समांतर, नाक क्षितिजाच्या जरा खाली. खांद्याच्या उंचीवरून, धावत नेऊन, सोडल्यासारखं ढकला. वर फेकू नका.

- लांब, सरळ उतरलं: ठीक.
- नाक वर करून थांबलं आणि आपटलं: शेपूट जड. बॅटरी ५ मिलिमीटर पुढे.
- डोकं खाली घालून घुसलं: एलिव्हेटर १ मिलिमीटर वर. तोल आधी परत मोजून मगच.
- एका बाजूला वळलं: पंखातला पीळ बघा. रडर ट्रिमनं (ट्रान्समीटरवरच्या बारीक दुरुस्तीनं) पीळ झाकू नका, वेग बदलला की तो परत डोकं काढतो.

एका वेळी एकच बदल.

पहिलं उड्डाण. फेकायला दुसरा माणूस घ्या. दोन्ही हात स्टिकवर हवेत. भोवती गल्लीतली पोरं ‘उडव ना भो’ म्हणत उभी असतील, त्यांना तुमच्या मागे, पंख्याच्या रेषेबाहेर बसवा. मोटर दोन-तृतीयांश, सरळ फेक, आणि पहिले पाच सेकंद काही करू नका. ४० मीटरवर मोटर निम्मी करा, मग ट्रिम. रडर थोडा द्या, वळण सुरू झालं की सोडा; वळणात नाक पडलं तर एलिव्हेटर चिमूटभर. विमान तुमच्याकडे येत असेल तेव्हा डावं-उजवं उलटं वाटतं, म्हणून ते नेहमी समोर, वारा येतो त्या बाजूला ठेवा, डोक्यावर नको.

टायमर पाच मिनिटांचा. बॅटरी सेलमागे ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नका. उतरताना मोटर पूर्ण बंद, वाऱ्याकडे तोंड, आणि जमिनीपासून हातभर वर आल्यावरच एलिव्हेटर हलकेच मागे.

मोटर वाढवली की नाक फार वर जात असेल तर मोटरच्या वरच्या स्क्रूंमागे एक वॉशर घाला, खाली कल वाढतो. डावीकडे ओढत असेल तर डाव्या स्क्रूंमागे. त्याआधी ट्रिमला हात लावू नका.

घरी आल्यावर बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. पंख पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर नको. आतल्या भिंतीवर टोकापासून उभा टांगा. रबरबँड खानदेशच्या उन्हात लवकर कुजतात. प्रत्येक वेळी ताणून पाहा, चिरलेला दिसला तर सगळेच बदला. बांधताना निदान सहा लागतात, त्यांतले दोन तिरपे.